पाटाचे पाणी

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या घाऊक व्यापारासाठी साऱ्या छत्तीसगडात प्रसिद्ध आहे. लग्नसराई जवळ आली की खेड्यापाड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे तेथे लोटतात. गाठी फुटतात, तागे उलगडले जातात आणि दुकानांच्या पायऱ्यांवर चपलांचे ढीग पडतात. या गर्दीत दर दहा पावलांवर कोणी ना कोणी थांबलेला दिसतो. बाजारात थांबणे हे काही नवलाचे नव्हे. कापड पाहण्यासाठीच माणूस तेथे येतो. परंतु थांबलेल्या प्रत्येकाचे लक्ष कापडाकडे असतेच असे नाही, ही गोष्ट मला एका वृद्ध स्नेह्यांमुळे कळली. त्यांच्या थांबण्याच्या निमित्ताने एका जुन्या आणि मनोरंजक शोधाचा इतिहास आज श्रोत्यांपुढे मांडावा, असा माझा विचार आहे.

हे स्नेही निवृत्त शिक्षक होते. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. रायपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध आजचा नाही. 1854 सालापर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि पुढे 1956 सालापर्यंत रायपूर व नागपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदत होती. त्यामुळे शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांतून नोकरी करणारी मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. अण्णा अशाच एका कुटुंबातले. उतारवयात ते पंडरीच्या बाजारामागे मुलाकडे राहावयास आले. भाजी आणणे, नातवाला शाळेत पोचविणे ही कामे त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती.

सत्तरी उलटल्यावर त्यांना एक विचित्र त्रास सुरू झाला. शे-दीडशे पावले चालले की पोटरीत कळ येई. दोन-तीन मिनिटे थांबले की कळ नाहीशी होई, आणि पुन्हा तितकीच पावले चालल्यावर नेमकी परत येई. संकोची माणूस, रस्त्यात उगीच उभे राहणे त्यांना बरे वाटेना. म्हणून ते दुकानापुढे थांबत आणि टांगलेल्या साड्या न्याहाळीत असल्याचे दाखवीत. घरी कळले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, ‘‘अण्णा, तुम्ही आता बसा. भाजी मी आणीन. या वयात धावपळ कशाला?’’ यात माया होती, आदर होता. अण्णा बसले. वर्षभरात त्यांचे पाय इतके बारीक झाले की जमिनीवरच्या पाटावरून उठताना कोणाचा तरी हात लागे. सर्वांनी मानले की हे वय झाले.

हे वय होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आपल्याला पंडरीहून दूर, पॅरिसला जावे लागेल, आणि तेथे आधी माणसाकडे नव्हे तर एका घोड्याकडे पाहावे लागेल.

1831 साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने एका घोड्याची हकीकत प्रसिद्ध केली. हा घोडा उभा असताना धडधाकट दिसे. दौडीला लावला की थोड्या वेळाने मागच्या पायांनी लंगडू लागे. विश्रांती दिली की पुन्हा ठीक होई. खूर, सांधा, हाड, कशातच दोष सापडेना. मृत्यूनंतर शरीर उघडून पाहिले तेव्हा मांडीतील मोठ्या रोहिण्या बंद झालेल्या आढळल्या. अर्थ स्पष्ट होता. उभ्या घोड्याच्या स्नायूंना जेवढे रक्त लागते तेवढे अरुंद वाटेने पोचत होते. दौडताना लागणारे अधिक रक्त मात्र पोचत नव्हते. पाय लंगडत होता, पण दोष पायाचा नव्हता. पायाकडे येणाऱ्या वाटेचा होता.

पुढे 1858 साली पॅरिसचेच विख्यात वैद्य शार्को यांनी हाच प्रकार माणसात ओळखला आणि बुलेच्या घोड्याची आठवण दिली. वैद्यकाने या विकाराला ‘थांबून थांबून येणारे लंगडेपण’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. जर्मन लोकांनी मात्र त्याला मोठे मार्मिक नाव ठेवले आहे: ‘दुकानाच्या खिडकीचा आजार’. हे रुग्ण आमच्या अण्णांसारखेच दुकानापुढे थांबून माल पाहिल्याचे सोंग करीत. पंडरीतील संकोच आणि जर्मनीतील संकोच यांची जात एकच म्हणावयाची.

शिरा आणि स्नायू यांचे नाते प्राचीनांना अगदीच अपरिचित होते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे शिरांचे वर्णन आहे. बागेला जशा पाणी वाहणाऱ्या सरी आणि भातखाचराला जसे पाट, तशा या शिरा शरीराला भिजवितात, असा दृष्टांत तेथे दिला आहे. आयुर्वेदाने धातूंचा क्रम लावला तोही रस, रक्त, मांस असा. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त याने, एका धातूपासून दुसऱ्याचे पोषण कसे होते याविषयीची मते सांगताना केदारीकुल्यान्याय मांडला. केदार म्हणजे खाचर, कुल्या म्हणजे पाट. पाटाचे पाणी आधी जवळच्या खाचराला मिळते, मग पुढच्याला. छत्तीसगड हा धानाचा मुलूख. तेथील शेतकऱ्याला हा न्याय शिकवावा लागणार नाही. पाट गाळाने भरला तर टोकाचे शेत प्रथम वाळते, हे तो जन्मापासून पाहतो.

दृष्टांत कितीही सुंदर असला तरी तो पुरावा नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. रक्त हृदयापासून निघून पुन्हा हृदयाकडे परतते, हे 1628 साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी मोजमाप व प्रयोग यांच्या आधारे सिद्ध केले. परंतु रोहिणीतून नीलेत रक्त कोठून जाते, ती वाट त्यांना दिसली नाही. सूक्ष्मदर्शकाविना ती दिसणे शक्यच नव्हते. 1661 साली इटलीतील माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात त्या केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या. आपण त्यांना केशिका म्हणतो. मोठी रोहिणी हा मुख्य कालवा असेल, तर केशिका ही वाफ्यावाफ्यातून फिरणारी सर होय. रोपाला पाणी मिळते ते तिच्यातून.

या सरींचा कारभार कसा चालतो याचा शोध डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी लावला आणि त्याबद्दल त्यांना 1920 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वस्थ असलेल्या स्नायूत थोड्या केशिकांतून रक्त वाहते आणि स्नायू कामाला लागला की कितीतरी अधिक केशिका खुल्या होतात, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या गणतीत पुढच्या संशोधकांनी दुरुस्त्या केल्या आहेत; पण मुख्य सिद्धान्त टिकला. रक्ताचा पुरवठा मागणीप्रमाणे बदलतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो. जोराच्या श्रमात हाच वाटा 80 टक्क्यांवर जातो. येथे शरीराचा कालवा आपल्या पाटबंधाऱ्यांहून वेगळा ठरतो. आपल्या कालव्याला शेताची तहान कळत नाही, याला कळते.

ती कशी कळते, याचे उत्तर मिळावयास आणखी साठ वर्षे लागली. 1980 साली अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महारोहिणीच्या तुकड्यांवर प्रयोग करताना एक गोष्ट पाहिली. रोहिणीच्या आतला नाजूक अस्तर शाबूत असला तर विशिष्ट औषधाने ती सैल पडते. अस्तर खरवडला गेला असला तर पडत नाही. म्हणजे तो एका पेशीच्या जाडीचा अस्तर कसलीतरी आज्ञा देत असला पाहिजे. ही आज्ञा म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू, हे पुढे निष्पन्न झाले आणि 1998 साली फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्त वेगाने वाहू लागले की त्याचे घर्षण अस्तराला जाणवते, अस्तर हा वायू सोडतो, रोहिणी रुंदावते. उलट, रक्ताचा वेग सदैव मंद राहिला तर अस्तराचा हा गुण क्षीण होत जातो. वापरातला पाट स्वच्छ राहतो आणि पडून राहिलेल्या पाटात गवत माजते, तसेच हे.

आता वार्धक्याकडे वळू. वय वाढते तशा मोठ्या रोहिण्या ताठर होतात, अस्तर पूर्वीइतका वायू सोडीत नाही आणि स्नायूंतील केशिकांचे जाळे विरळ होऊ लागते. त्याच काळात स्नायूही झिजतात. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असा अंदाज सांगितला जातो. या झिजेला स्वतंत्र नाव मिळाले ते 1989 साली. अमेरिकेतील अर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीक शब्द जोडून तिला ‘सार्कोपेनिया’ म्हटले. त्याचा सरळ अर्थ मांसाची उणीव, आपण मांसक्षय म्हणू. नाव इतके उशिरा मिळावे यात एक बोध आहे. म्हाताऱ्याचे हातपाय बारीक व्हावयाचेच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. आणि जे गृहीत धरले जाते त्याचा शोध कोणी घेत नाही.

शिवाय वैद्यकाच्या वाटण्या झाल्या होत्या. रोहिण्या हृदयरोगाच्या वैद्याकडे, स्नायू दुसऱ्या कोणाकडे. एकाने पाट तपासावा, दुसऱ्याने शेत. पण पाट शेतापर्यंत पोचतो की नाही हे कोणी पाहावे? गेल्या काही दशकांत ही दोन खाती जवळ आली आहेत. जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढते. ते साखरेची व्यवस्था लावते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तरुण निरोगी माणसात ते स्नायूंतील बारीक वाहिन्याही रुंदावते आणि अन्नातील प्रथिनांचे घटक स्नायूंपर्यंत पोचण्यास मदत करते. वार्धक्यात हा परिणाम मंदावतो. 2007 साली अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन येथील संशोधकांनी याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्ध स्वयंसेवकांना त्यांनी एका दिवशी 45 मिनिटे बेताच्या वेगाने चालविले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीतील रक्तप्रवाह व स्नायूंची घडण मोजली. चाललेल्यांच्या वाहिन्या इन्सुलिनला पुन्हा चांगला प्रतिसाद देऊ लागल्या होत्या आणि स्नायू बांधण्याचे कामही वाढले होते. ताटातले अन्न स्नायूत पोचावयास आदल्या दिवशीची चाल उपयोगी पडली!

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. म्हाताऱ्या माणसाला नुसते पौष्टिक खाऊ घालून भागत नाही. खत शेताच्या बांधावर टाकले आणि पाटाला पाणी नसले, तर ते पिकाला कसे लागावे? आणि पाट वाहता राहतो तो शेताच्या मागणीवर. स्नायू कामाला लागतो तेव्हा तो स्वतः काही द्रव्ये सोडतो. ती नव्या केशिका फुटण्याचा निरोप देतात. केशिका वाढल्या की स्नायू पोसला जातो आणि पोसलेला स्नायू अधिक काम करू शकतो. हे चक्र उलटही फिरते. काम थांबले की मागणी थांबते, मागणी थांबली की वाटा बुजतात, वाटा बुजल्या की स्नायू सुकतो आणि सुकलेल्या स्नायूला काम नकोसे होते. अण्णांच्या बाबतीत आमच्या साऱ्यांच्या मायेने हे उलटे चक्र फिरविले होते.

पंडरीची दुसरी ओळख म्हणजे तेथला बस-अड्डा. 2021 साली तो भाटागावला हलविण्यात आला. परंतु त्याआधी कित्येक वर्षे साऱ्या छत्तीसगडच्या गाड्या पंडरीतून सुटत असत. चालक आपल्या आसनावर बसलेला. त्याचा सोबती मात्र टपावर चढून सामान बांधतो, खाली उतरतो, हाका मारतो, गाडीच्या या दारापासून त्या दारापर्यंत फिरतो. या दोघांतील फरकाकडे पाहून एका इंग्रज वैद्याने एक मोठा शोध लावला, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल.

जेरी मॉरिस हे त्यांचे नाव. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाकाठी पाचशे-सातशे पायऱ्या चढे-उतरे. पगार, वस्ती, वर्ग यांत दोघांत फारसे अंतर नव्हते. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 31,000 वाहतूक कामगारांच्या आजारांची नोंद तपासली आणि 1953 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. वाहकांना हृदयाच्या रोहिण्यांचा विकार चालकांपेक्षा कमी होत होता. झालाच तर उशिरा होत होता आणि कमी घातक ठरत होता. शंका घेणारे म्हणाले की, मुळात सडपातळ माणसेच वाहक होत असतील. मॉरिस यांनी ही शंका टाळली नाही. त्यांनी गणवेशाच्या शिलाईच्या नोंदी मागविल्या, विजारींच्या कमरेची मापे पाहिली आणि 1956 साली स्वतःच जाहीर केले की, चालक खरोखरच आरंभापासून कमरेला अधिक जाड असतात. शंकेत तथ्य होते. तरीही पुढे इतर व्यवसायांत आणि इतर देशांत झालेल्या पाहण्यांनी मूळ निष्कर्षाला बळकटीच दिली. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करीत आणि 2009 साली वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. एका माणसाचे आयुष्य हा पुरावा नव्हे, हे त्यांनीच आपल्याला शिकविले आहे. तरी ही गोष्ट सांगावीशी वाटते.

मग ज्याच्या पायाची रोहिणी आधीच अरुंद झाली आहे, त्याने काय करावे? पूर्वी पुष्कळांचा सल्ला असे की विश्रांती घ्यावी. परंतु 1898 सालीच हायडेलबर्गचे वैद्य एर्ब यांनी अशा रुग्णांना चालण्याचा व्यायाम सुचविला होता. तो बराच काळ दुर्लक्षित राहिला. 1966 साली कोपनहेगनच्या लार्सेन आणि लासेन यांनी रुग्णांचे दोन गट करून रोज चालण्याचा परिणाम तपासला आणि चालणाऱ्या गटाचा पल्ला निश्चितपणे वाढल्याचे दाखविले. आज या विकारात चालण्याचा क्रम हा पहिल्या उपचारांपैकी एक मानला जातो. कळ येईपर्यंत चालावे, थांबावे, कळ ओसरली की पुन्हा चालावे. बुजलेली मोठी वाट त्यामुळे उघडत नाही; परंतु आडवाटा कामास येतात, अस्तर सुधारतो आणि स्नायू मिळेल त्या रक्तात अधिक काम करावयास शिकतो.

स्नायूंना बळ आणण्यास वयाची अट आहे काय? 1990 साली बॉस्टनमधील डॉ. फियातारोने यांनी वृद्धाश्रमातील सरासरी नव्वद वर्षांच्या दहा दुर्बल माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची शक्ती सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि मांडीचा स्नायूही सुमारे 9 टक्क्यांनी भरला. नव्वदाव्या वर्षी! इकडे प्रयोगशाळेत म्हाताऱ्या उंदरांच्या केशिका औषधाने पुन्हा वाढविल्याची वार्ता 2018 साली आली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. उंदराचे औषध माणसाला लागू पडेपर्यंत किती मजल मारावी लागते, याची ज्याला कल्पना आहे तो तोवर चालत राहील.

आपल्या लोकांपुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचे वजन सरासरी 2.7 किलो भरले. इंग्रज अर्भकांशी तुलना करता त्यांच्यात स्नायू फार कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. 2004 साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. युडकिन यांनी आपलेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचे उंची-वजनाचे गुणोत्तर अगदी सारखे, 22.3, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! वरून सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून स्थूल असू शकतो. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजण थोड्या भांडवलावर प्रपंच मांडतात. तरुणपणी स्नायू कमी, मधुमेहाकडे ओढा अधिक आणि मधुमेह तर रोहिण्यांचा व अस्तराचा वैरीच. मग वार्धक्यात तूट लवकर दिसली तर नवल ते काय?

येथे कोणी म्हणेल की, मग पंडरीतला हमाल सर्वांत निरोगी असावयास हवा. तो दिवसभर गाठी वाहतो. गादीवर बसलेला व्यापारी तागा उचलण्यालाही नोकराला हाक मारतो. परंतु हिशेब इतका सरळ नाही. श्रमाला पुरेसे अन्न, विसावा आणि झोप यांची जोड नसेल तर तो व्यायाम नव्हे, झीज होय. त्यात बिडी आणि छत्तीसगडात घरोघर दिसणारी गुडाखू, ही दाताला घासावयाची तंबाखूची मिसरी. तंबाखू रोहिण्यांचे किती अहित करते हे वेगळे सांगावयास नको. न्यूयॉर्कचे लिओ बर्गर यांनी 1908 साली ज्या विकाराचे सविस्तर वर्णन केले, त्यात तरुण माणसांच्या हातापायांच्या वाहिन्या बंद होतात, बोटे काळी पडतात, कधी पायही कापावा लागतो. हा विकार जवळजवळ नेहमीच तंबाखू सेवणाऱ्यांना होतो आणि आपल्या देशात बिडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत तो पुष्कळ आढळला आहे. सुश्रुताने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आणि व्यायाम करणाऱ्याला म्हातारपण एकाएकी गाठीत नाही असेही म्हटले. हमालाच्या वाट्याला अर्धी शक्ती राखून ठेवण्याची चैन येत नाही, हे आपण विसरू नये.

आपल्या समाजात व्यायामाची परंपरा मोठी आहे. गावोगावच्या तालमी, मल्लखांब, अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी स्थापलेले आणि 1936 साली बर्लिनपर्यंत आपले खेळ दाखवून आलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ही सारी तिचीच अंगे. परंतु तालीम ही तरुणांची, अशी आपली समजूत. माणूस साठीला आला की आपण त्याला आरामखुर्ची देतो. थोरांना उठू न देणे, त्यांच्या हातातली पिशवी काढून घेणे, पाण्याचा तांब्या जागेवर नेऊन देणे याला आपण आदर म्हणतो. हा आदर खोटा नाही. पण त्याची किंमत ज्याला आदर मिळतो त्याच्या मांड्यांना द्यावी लागते. जो स्वतः उठू शकत नाही तो एक दिवस न्हाणीघरात पडतो, आणि खुब्याचे हाड मोडले म्हणजे पुढचे दिवस त्याला परस्वाधीनतेत काढावे लागतात.

अण्णांची गोष्ट पुरी केली पाहिजे. शेवटी मुलाने त्यांना एका जाणत्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी दंडाचा रक्तदाब घेतला आणि मग घोट्याचाही घेतला. घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या नऊ-दशांशापेक्षा कमी भरला तर पायाची रोहिणी अरुंद झाल्याचा संशय धरतात. अण्णांचा पुष्कळच कमी भरला. डॉक्टरांनी हृदय तपासले, औषधे दिली, तपकीर बंद करविली आणि चालावयास सांगितले. सूनबाईंनी विचारले, ‘‘दुखत असताना चालवायचं?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘दुखेपर्यंत चालवा, मग थांबवा, आणि पुन्हा चालवा. घाई करू नका. पण बसवूही नका.’’

रायपूरचा उन्हाळा कडक; म्हणून अण्णा पहाटे बाहेर पडत. त्या वेळी कापडबाजार मिटलेला असे. साड्या नाहीत, गर्दी नाही. नुसती बंद शटरांची रांग. त्यामुळे सोंगाचीही गरज उरली नाही. ते शटरे मोजू लागले. पहिल्या आठवड्यात नवव्या दुकानापाशी थांबावे लागे. जेवणात डाळ, दूध, दही वाढविले. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव सकाळ-संध्याकाळ दहा वेळा, असा नेम ठेवला. पावसाळा संपेतो ते एका दमात सव्विसावे शटर गाठू लागले होते. कळ गेली नाही, लांबली. दिवाळीत त्यांनी पाटावर बसून जेवण केले आणि कोणाचा हात न घेता उठले. सूनबाई हात पुढे करणार होत्या. त्यांनी तो मागे घेतला. तो मागे घेणे त्यांना किती जड गेले असेल, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले.

प्रत्येकाला इतके यश येईलच असे नाही. पाय स्वस्थ असतानाही ठणकत असेल, बोट काळे पडले असेल, जखम भरत नसेल, तर चालण्यावर विसंबून न राहता तत्काळ डॉक्टर गाठावा. मधुमेह्याच्या पायाला कळच जाणवत नाही असेही होते; त्याने अधिकच सावध असावे. परंतु एरवी घरातल्या वडीलधाऱ्यांचे चालणे मंदावले, ते वरचेवर थांबू लागले, तर ‘वय झाले’ एवढेच म्हणून त्यांना बसवू नये. ते का थांबतात ते विचारावे, घोट्याचा दाब तपासून घ्यावा आणि त्यांच्या हातातली पिशवी, डॉक्टरांची हरकत नसेल तर, त्यांच्याच हातात राहू द्यावी. शक्य तर बरोबर चालावे, आणि ते थांबतील तेथे आपणही थांबावे.